‘केस टू केस असतं’ म्हणजे नेमकं कसं असतं?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात मेडिक्लेमच्या डेस्कवर काम करणाऱ्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३४, नोकरीला नऊ वर्षं झालेली, शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून. पत्राचा गोषवारा असा:

“महिन्याभरात दोन गोष्टी घडल्या. एक शेतकरी काका बायकोच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आले होते. विम्यातून किती पैसे मिळतील, असं त्यांनी विचारलं. मी नेहमीसारखं म्हटलं, ‘काका, ते केस टू केस डिपेंड असतं.’ दोन दिवसांत तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर ते भडकले. ‘मला बाकीच्यांच्या केसशी काय करायचंय? माझ्या केसचं बोला!’ सगळी रांग बघत होती. शेवटी त्यांच्या बिलातून बरीच रक्कम कापली गेली. आता ते टाके दाखवायला पुन्हा येतील, तेव्हा समोर कसं जायचं?

दुसरी गोष्ट, मी मुख्य कार्यालयाला मेल लिहिला. त्यात ‘द अप्रूव्हल डिपेंड्स ऑन केस टू केस बेसिस’ असं वाक्य होतं. आमच्या नव्या व्यवस्थापकांनी ते अधोरेखित करून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं. बरोबर काय, ते सांगितलं नाही. तेव्हापासून मैत्रिणीला दाखवल्याशिवाय मी एकही मेल पाठवत नाही.

हे इंग्रजी चूक आहे का? सगळेच तर असं बोलतात. मराठीत सांगितलं तर टोलवाटोलवी वाटते, इंग्रजीत अधिकृत वाटतं. आणि मी नक्की काही सांगितलं आणि क्लेम नाकारला गेला, तर लोक मलाच धरतात. मराठी माध्यमात शिकले म्हणून हे होतंय का?”

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या ग्रुपबद्दल बोलते. एखाद्याचं वाक्य अधोरेखित करून सगळ्यांसमोर टाकायचं आणि बरोबर वाक्य मात्र द्यायचं नाही, याला शिकवणं म्हणत नाहीत. चूक दाखवायचीच होती तर तुमच्या एकटीच्या नावे दोन ओळींचा मेल पुरला असता. तुम्हाला लागलं, ते स्वाभाविक आहे. पण या प्रसंगात चूक आणि अपमान एकमेकांना चिकटून बसले आहेत. चूक छोटी आहे, पंधरा मिनिटांत समजून संपेल एवढी. अपमान मोठा होता, म्हणून त्याच्या सावलीत ती चूकही तुम्हाला मोठी दिसायला लागली. तेव्हा आधी नुसती चूक वेगळी काढून पाहू.

“डिपेंड्स ऑन केस टू केस बेसिस” या तुकड्यात तीन चांगल्या रचना एकमेकींत अडकल्या आहेत. तिन्ही इंग्रजीत आहेत, तिन्ही तुमच्या कामाच्या आहेत, फक्त त्यांना सुटं करायला हवं.

पहिली ‘डिपेंड्स ऑन’. तिच्यापुढे “कशावर?” या प्रश्नाचं उत्तर यावं लागतं. इट डिपेंड्स ऑन द पॉलिसी. इट डिपेंड्स ऑन द वेटिंग पीरियड, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायच्या मुदतीवर. ‘केस टू केस’ हे कशावरचं उत्तर होत नाही, म्हणून ते तिथे बसत नाही. ‘इट डिपेंड्स ऑन पर्सन टू पर्सन’ हे आपल्याकडे रोज ऐकू येतं, त्यात हीच अडचण आहे. ‘इट डिपेंड्स ऑन द पर्सन’ म्हटलं की झालं.

दुसरी रचना ‘व्हेरीज फ्रॉम केस टू केस’. हिच्यात ‘फ्रॉम’ गाळू नये. दोन्ही बाजूंचे शब्द एकवचनी ठेवायचे आणि त्यांच्याआधी ‘अ’ किंवा ‘द’ लावायचं नाही. फ्रॉम पेशंट टू पेशंट, फ्रॉम हॉस्पिटल टू हॉस्पिटल, फ्रॉम डे टू डे. ‘पेशंट्स टू पेशंट्स’ असं होत नाही. ‘व्हेरीज’च्या जागी ‘डिफर्स’ही चालतं.

तिसरी ‘ऑन अ केस-बाय-केस बेसिस’. इथे ‘अ’ हवा, आणि पुढे ‘बेसिस’ असल्यामुळे मधल्या दोन जोडरेघा हव्यात. ‘बेसिस’ नको असेल तर नुसतं ‘वुई डिसाइड केस बाय केस’ म्हणता येतं. तेव्हा जोडरेघाही लागत नाहीत.

आता अर्थाकडे या, कारण मला त्याची जास्त काळजी आहे. पहिल्या रचनेत तुम्ही कारण सांगता. दुसरीत एक निरीक्षण सांगता, की निकाल सगळीकडे सारखा लागत नाही. तिसरीत काम करायची पद्धत सांगता, की प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे पाहून निर्णय होतो. एकात कारण, एकात फरक, एकात रीत. तुमच्या मेलमध्ये तुम्हाला रीत सांगायची होती आणि जमल्यास कारणही, असं मला वाटतं. मग वाक्य असं होईल: “अप्रूव्हल्स आर डिसायडेड ऑन अ केस-बाय-केस बेसिस, डिपेंडिंग ऑन द पॉलिसी टर्म्स अँड द वेटिंग पीरियड.” यात तुमचे बहुतेक शब्द आहेत. त्यांची जागा बदलली, ‘टू’चा ‘बाय’ झाला आणि कारण जोडलं गेलं.

‘सगळेच असं बोलतात’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. ‘केस टू केस बेसिस’ आपल्या देशातल्या कार्यालयांत, अगदी न्यायालयांच्या निकालपत्रांतही सापडतं. फिलिपिन्समधल्या इंग्रजीतही ते रूढ आहे. ब्रिटन-अमेरिकेत मात्र ‘बाय’ म्हणतात. म्हणून ‘टू’ लिहिणाऱ्याला मी अडाणी ठरवणार नाही. इतकंच म्हणेन, की बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये ‘बाय’ लिहा, तिथे कुठलाच वाचक अडखळणार नाही. आणखी एक शब्दसमूह याच घरातला वाटतो, ‘ॲज द केस मे बी’. त्याचा फरकाशी संबंध नाही. कायद्याच्या मराठीत त्याला ‘यथास्थिति’ म्हणतात, म्हणजे दोन-तीन पर्यायांपैकी जो लागू असेल तो. “अर्जदाराने किंवा, यथास्थिति, त्याच्या वारसाने सही करावी.” तो तिथेच राहू द्या.

आता मराठी माध्यमाबद्दल. तुम्ही हे पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलंत, पण मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते याच प्रश्नामुळे.

आपण मराठीत म्हणतो, “ते ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर असतं.” “माणसामाणसावर असतं.” यात शब्द दोनदा आला, त्याने ‘प्रत्येकाचं निराळं’ हा अर्थ दिला. शेवटी ‘वर’ आला, त्याने ‘अवलंबून’ हा अर्थ दिला. दोन्ही अर्थ एका शब्दात सुखाने राहतात. इंग्रजीने याच दोन अर्थांसाठी दोन वेगळी दारं ठेवली आहेत. मराठीत अस्खलित असलेलं मन इंग्रजीतही दोन्ही एकत्र न्यायला जातं आणि ‘डिपेंड्स ऑन पर्सन टू पर्सन’ तयार होतं. मी बरीच वर्षं भाषांतराचं काम करते. हे वाक्य मी डॉक्टरांच्या अहवालात पाहिलंय, अभियंत्यांच्या निविदांत पाहिलंय, पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या लिखाणात तर कितीदा. दोन भाषांची शिवण जिथे येते तिथे टाका सुटतो. शाळा कुठलीही असली तरी सुटतो. तुमच्या शाळेने तुम्हाला ‘माणसामाणसावर’ म्हणायला शिकवलं, ते गमावण्यासारखं नाही.

उलट्या बाजूनेही हा टाका सुटतो आहे, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. “परिणाम व्यक्ती ते व्यक्ती बदलू शकतात” अशी वाक्यं आता मराठी जाहिरातींत आणि माहितीपत्रकांत दिसतात. मराठीतला हा ‘ते’ पुणे ते कोल्हापूर जातो, सकाळी दहा ते पाच थांबतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर तो सांगतो. वेगळेपण सांगणं हे त्याचं काम नव्हे. आणि त्याला या कामाला जुंपायची गरजही नाही, कारण या एका अर्थासाठी मराठीकडे किती साधनं आहेत बघा.

बोलताना ‘-गणिक’ आहे. गावागणिक चव बदलते, घरागणिक गोडा मसाला वेगळा. दिवस किंवा वर्ष यांना तो जोडला की त्यात वाढत किंवा घटत जाण्याचाही अर्थ येतो, दिवसागणिक सूज उतरत गेली. लिहिताना ‘-परत्वे’ आहे. व्यक्तिपरत्वे, स्थलपरत्वे, कालपरत्वे. सरकारी टिपणीत “प्रकरणपरत्वे निर्णय घ्यावा” असं लिहितात तेव्हा त्यात ‘केस-बाय-केस’ पूर्ण येतं. तक्ता करायचा असेल तर ‘-निहाय’ किंवा ‘-वार’, जिल्हानिहाय आकडे, तारीखवार नोंदी. त्यात फरकापेक्षा विभागणीवर भर असतो. एखादी गोष्ट पाहून तिच्याप्रमाणे ठरवायचं असेल तर ‘-नुसार’ आणि ‘-प्रमाणे’, वजनानुसार डोस, ऐपतीप्रमाणे आहेर. आणि काहीच न जोडता ‘ज्या त्या’, ‘त्या त्या’, ‘ज्याचं त्याचं’. संस्कृतातही ‘पिण्डे पिण्डे मतिर्भिन्ना’ म्हणताना शब्द असाच दोनदा येतो. आमच्या आजीच्या तोंडी मात्र ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असायचं, आणि औषधाच्या बाबतीत ती ते फार गंभीरपणे पाळायची. एकाला लागू पडलेला काढा दुसऱ्याला विचारल्याशिवाय द्यायची नाही.

तुमच्या डेस्कवर ‘प्रकरणपरत्वे’ म्हणू नका, ते कागदावरचं आहे. तिथे “त्या त्या पॉलिसीप्रमाणे असतं” हे सरळ आहे.

पण इथेच मला तुमच्या एका समजुतीला हलकेच धक्का द्यायचा आहे. तुम्ही म्हणता, मराठीत सांगितलं तर टोलवाटोलवी वाटते. “काका, प्रत्येकाचं वेगळं असतं.” हो, वाटते टोलवाटोलवी. “काका, केस टू केस डिपेंड असतं.” हेही तसंच आहे, फक्त इस्त्री केलेलं. त्या काकांना राग इंग्रजीचा आला नव्हता. दोन्ही वाक्यं अर्ध्यावर थांबतात, त्याचा आला. ‘डिपेंड’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, कशावर? तुम्ही ते सांगितलं नाहीत. आणि ते बोललेले शब्द किती नेमके होते पाहा. “माझ्या केसचं बोला.” केस टू केस असेल, तर त्यातली एक केस माझी आहे, तिच्याकडे बघा. तुमच्याच वाक्याचा त्यांनी अर्थ लावला आणि पुढची पायरी मागितली.

वेगळं असतं हे खोटं नाही, हे तुम्ही रोज पाहता. माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकांसाठी एक उदाहरण मांडते. पित्ताशयात खडे झालेल्या दोन बायका, तेच डॉक्टर, तेच ऑपरेशन, शेजारशेजारच्या खाटा. एकीची पॉलिसी चार वर्षं जुनी. दुसरीची चौदा महिन्यांची, आणि तिच्यात पित्ताशयाचे खडे, हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा लिहिलेली. पहिलीचा क्लेम मंजूर, दुसरीचा नामंजूर. दुसरीच्या नवऱ्याला शेजारचं मंजूर झालेलं दिसतं आणि त्याच्या डोक्यात शंका येते, की ओळख असेल, पैसे चारले असतील. “केस टू केस असतं” या उत्तराने ती शंका वाढते. “तुमच्या पॉलिसीत या आजारासाठी चोवीस महिने थांबायची अट आहे, तुमचे चौदा झालेत” असं सांगितलं तर त्याला वाईट वाटेल, पण शंकेला जागा राहणार नाही.

आता पहिलीचंही पूर्ण बिल मिळेल असं नाही. समजा तिचा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तिने घेतली ५,००० ची खोली. बऱ्याच पॉलिसींत अशा वेळी नुसता दोन हजारांचा फरक कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या वर्गाशी बांधलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे साठ टक्केच देतात. ते खर्च ६०,००० झाले असतील तर विम्यातून ३६,००० मिळतात आणि २४,००० घरून भरावे लागतात. तीन दिवसांच्या खोलीभाड्याचे ६,००० वेगळे. एकूण ३०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, पण हे सांगणारं कुणी भेटावं लागतं. खोली निवडायच्या आधी तुमच्या तोंडून आलेलं “तुमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा तीन हजार आहे” हे एक वाक्य त्या घराचे तीस हजार वाचवू शकतं. त्या काकांची रक्कम कशात कापली गेली, तुम्ही लिहिलं नाहीत. याच्यात कापली गेली असेल, अशी मला धास्ती आहे.

म्हणून तुमच्या जागी बसणाऱ्या प्रत्येकीला, प्रत्येकाला माझं सांगणं आहे, की ‘वेगळं असतं’ हे वाक्य जरूर वापरा, पण त्याच्यामागे ‘कशामुळे’ आणि ‘कधी कळेल’ हे दोन तुकडे जोडल्याशिवाय सोडू नका. दुसरा तुकडाही तुमच्याकडे तयार आहे. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत. तुम्हाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. समोर बाकावर बसलेल्या माणसाला ठाऊक नाही, आणि त्याचा अर्धा जीव त्यातच अडकलेला असतो.

इंग्रजीत आणखी एक लोकप्रिय ओळ आहे, ‘युअर मायलेज मे व्हेरी’. अमेरिकेत १९७० च्या दशकात सरकारी चाचणीतले मायलेजचे आकडे गाड्यांच्या जाहिरातींत छापायला लागले, तेव्हा त्यांच्या शेजारी ही सूचना आली, आणि पुढे ‘माझा अनुभव असा, तुमचा वेगळा असू शकतो’ या अर्थाने बोलण्यात रुळली. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेलं मायलेज जाहिरातीत असतं, तेही ठरावीक चाचणीतलं. मला त्या ओळीतली एक गोष्ट आवडते. तिच्याआधी एक आकडा असतो. आधी “लिटरला इतके किलोमीटर”, मग “तुमचं कमी-जास्त होईल”. आकडाच दिला नाही आणि नुसतंच कमी-जास्त होईल म्हटलं, तर गिऱ्हाइकाच्या हाती काय लागलं?

तुमची भीती मी विसरलेले नाही. आकडा सांगितला आणि उलटं झालं तर लोक तुम्हाला धरतात. नऊ वर्षांत कितीदा धरलं असेल, म्हणूनच ‘केस टू केस’ तुमची ढाल झाली आहे. ती टाकून द्या असं मी म्हणत नाही, पण तिच्याहून मजबूत ढाल आहे. निर्णय कोण घेतं, हे स्पष्ट सांगणं. असं काहीतरी:

“काका, मंजुरी विमा कंपनी देते, आम्ही फक्त कागद पाठवतो. तुमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा तीन हजार आहे, त्यातली खोली घेतलीत तर कपात कमी होईल. या ऑपरेशनला आपल्याकडे साधारण एवढा खर्च येतो. त्यातलं ग्लोव्ह्ज वगैरे काही सामान विम्यात बसत नाही, ते आपल्याला भरावं लागतं. बाकी किती मंजूर झालं, ते कंपनीचं उत्तर आलं की लगेच दाखवते.”

यात तुम्ही कुठलीही खात्री दिलेली नाही आणि तरी माणूस रिकाम्या हाताने परतलेला नाही. जमलं तर हेच एका चिठ्ठीवर लिहून द्या: खोलीची मर्यादा, प्रतीक्षेची अट, अंदाजे खर्च, निर्णय विमा कंपनीचा. आजारी माणसाच्या घरच्यांना ऐकलेलं लक्षात राहत नाही, आणि गावाकडून येणारा मुलगा रात्री विचारतो तेव्हा दाखवायला कागद लागतो. नामंजूर झालं, तर कारण लेखी मागायला सांगा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी लागत नाही आणि लोकपालांचं एक कार्यालय पुण्यातही आहे.

हे तुमच्या डेस्कपुरतं नाही, म्हणून थोडं बाजूला जाते. हाउसिंग सोसायटीच्या बैठकीत “पार्किंगचं केस टू केस बघू” असं अध्यक्ष म्हणतात तेव्हा ते रीत सांगताहेत की निकष नसल्याचं कबूल करताहेत, हे सभासदांनी विचारायला हवं. केस-बाय-केस निर्णयाला आधी लिहून ठेवलेला निकष लागतो, नाहीतर ते मर्जी-बाय-मर्जी होतं.

आणि आई-वडिलांना “चाइल्ड टू चाइल्ड व्हेरी होतं” असं सांगणाऱ्या बालवाडीच्या ताईंना, शेजारणींना आणि आज्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक मूल आपल्या वेगाने बोलायला लागतं, हे खरंच आहे. पण त्या फरकालाही काठ असतो. दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडायला लागतं, “आई ये”, “दूध दे”. ते तसं करत नसेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, ऐकू नीट येतंय ना तेही पाहायचं. “आमचा बाळ्याही उशिराच बोलला” हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण त्यापायी एखाद्या मुलाचं मोलाचं वर्ष जातं. फरक आहे असं सांगताना तो कुठपर्यंत आहे, तेही सांगायला हवं.

परत तुमच्याकडे येते. व्यवस्थापकांचं काय करायचं? ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे सगळे प्रेक्षक होतील. गप्प बसलात तर तुमचा प्रत्येक मेल मैत्रिणीच्या हातून जात राहील आणि तिलाही एक दिवस कंटाळा येईल. मला मधला मार्ग बरा वाटतो. त्यांच्या केबिनमध्ये पाच मिनिटं मागा आणि म्हणा, “सर, मेलमधली चूक मला कळली, मी ती सुधारली आहे. अशा चुका सांगत जा, मला हव्या आहेत. पण त्या थेट मला पाठवाल का? ग्रुपवर आल्यापासून मला लिहायची भीती बसली होती.” जाताना सुधारलेल्या वाक्याचा कागद बरोबर न्या. माणूस बरा असेल तर ओशाळेल. पुन्हा तसंच केलं, तर एचआरला लेखी कळवायला तुमच्याकडे आधी बोलल्याचा आधार असेल.

मैत्रिणीला मेल दाखवणं एकदम बंद करू नका. रुग्णालयातल्या रुग्णालयात जाणारे मेल आजपासून न दाखवता पाठवा, बाहेर जाणारे अजून महिनाभर दाखवा. ती तीन वाक्यं, पॉलिसीचं, फरकाचं आणि रीतीचं, टेबलाच्या काचेखाली ठेवा. आठ-दहा मेल झाले की तिकडे नजरही जाणार नाही.

राहिले काका. ते टाके दाखवायला येणार त्या दिवशी त्यांच्या बिलाचा आणि विमा कंपनीच्या मंजुरीपत्राचा प्रिंट काढून ठेवा. कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे पेनाने मराठीत कारण लिहा, खोलीभाडं, सामान, जे असेल ते. एखादी कपात तुम्हालाच पटत नसेल तर तिच्याभोवती गोल करा, म्हणजे तक्रार करायची ती तेवढ्याचीच करता येईल. रांगेत उभं राहायला लावू नका, तुम्ही काउंटरच्या बाहेर या आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसा. माफीचं मोठं भाषण नको. एवढंच म्हणा, “काका, त्या दिवशी तुम्ही तुमच्या केसचं विचारलं होतंत. हा बघा तुमचा कागद.”